बेटावरच्या किल्ल्यात जाण्याआधी हवामानाचा अंदाज कसा वाचायचा

शनिवारी जंजिऱ्याला जायचं ठरलेलं असतं आणि मंगळवारपासून घरात मोबाइल उघडझाप सुरू होते. शनिवारसमोर ढग, वीज आणि ६० टक्के. संध्याकाळी तेच ४० टक्के, रात्री पुन्हा ७०. कुणीतरी दुसरं अॅप उघडतं, तर त्यात लख्ख ऊन. जायचं की रद्द करायचं यावर चर्चा होते ती फक्त पावसावर. होडी सुटणार की नाही हे ज्यावर ठरतं, ते मात्र कुणी बघितलेलंच नसतं.

पावसाच्या सरीने होडी क्वचितच थांबते. ती थांबते वाऱ्याने, लाटांनी आणि जेटीला पुरेसं पाणी नसल्याने. सिंधुदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग, खांदेरी, पद्मदुर्ग यांपैकी कुठेही जायचं असलं तरी अंदाज बघण्याचा क्रम एकच: आधी इशारा, मग वारा, मग लाटा, मग भरती-ओहोटी, आणि पाऊस सगळ्यांत शेवटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला चालत जाता येतं, त्यामुळे तिथे भरती-ओहोटी पहिल्या नंबरवर येते.

आकडे सारखे का बदलतात

अॅपमधला अंदाज कुणी माणूस बसून लिहीत नाही. जगात हवामानाची काही मोठी संगणकीय मॉडेलं आहेत. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस ही त्यांतली जास्त वापरली जाणारी. बहुतेक अॅप यांच्यापैकी एखाद्याचे आकडे उचलतात आणि चित्रं काढून दाखवतात. दोन अॅपमध्ये दोन वेगळी चित्रं दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की दोघांची मॉडेलं वेगळी आहेत.

ही मॉडेलं दिवसातून चार वेळा चालतात. आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकराच्या निरीक्षणांवरून गणित सुरू होतं आणि निकाल हाती यायला आणखी काही तास लागतात. त्यामुळे दर दहा मिनिटांनी अॅप उघडून नवीन काही कळत नाही. दुपारी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा, एवढं पुरे.

मॉडेल हवेचे चौकोन पाडून गणित करतं. युरोपच्या मॉडेलचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, म्हणजे ८१ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला ४८ एकरांत बसलेला आहे, म्हणजे एका चौरस किलोमीटरचा जेमतेम पाचवा भाग. मॉडेलच्या दृष्टीने हे बेट तिथे नाहीच. कोकणात तर एकाच चौकोनात निम्मा समुद्र आणि निम्मी जमीन येऊ शकते आणि त्याला लागून पुढचे चौकोन चढत सह्याद्रीकडे जातात. अशा ठिकाणी "मुरूड, दुपारी ३ वाजता पाऊस" असा तासागणिक अंदाज चार दिवस आधी दिला जातो, तेव्हा त्यातल्या "३ वाजता" या भागाला काही अर्थ नसतो. "शनिवारी दुपारनंतर सरींची शक्यता" एवढंच त्यातून घ्यावं.

६० टक्के म्हणजे दिवसातला ६० टक्के वेळ पाऊस नव्हे. अशी हवा दहा वेळा जमून आली तर साधारण सहा वेळा त्या जागी पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. तो पाच मिनिटांचा शिडकावा असेल की चार तासांची धार, हे त्या आकड्यात नसतं. त्यासाठी शेजारी दिलेले मिलिमीटर बघायचे. २ मिलिमीटर असतील तर टोपीवर भागतं. ४० मिलिमीटर असतील तर किल्ल्यात भिजत उभं राहावं लागेल, कारण या किल्ल्यांत आडोशाच्या जागा थोड्याच असतात.

किती दिवस आधीच्या अंदाजावर विसंबायचं? दहा दिवसांपलीकडचं चित्र सोडून द्या. सात दिवसांवर फक्त कल बघा: समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का, वारा वाढतोय का. तीन दिवसांवर वारा आणि लाटा बऱ्यापैकी पक्क्या होतात. कोकणातली पावसाची सर मात्र आदल्या दिवशीही नेमकी सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७३. पाऊस एवढ्या अंतरात इतका बदलतो. वारा आणि लाटा मात्र मोठ्या पट्ट्यात पसरलेल्या असतात, म्हणून त्यांचा अंदाज जास्त खरा ठरतो. ज्याची आपल्याला जास्त गरज आहे तेच जास्त भरवशाचं आहे, ही चांगली गोष्ट आहे.

हवामान खात्याचे शब्द

मोबाइलच्या अॅपआधी भारतीय हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज आणि मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा. ते माणसांनी तपासलेलं असतं आणि बंदर खातं त्यावरूनच निर्णय घेतं.

त्यातले शब्द ठरीव मापाचे असतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर पाव भागात. "मुसळधार" म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, "अतिमुसळधार" ११५.६ ते २०४.४, आणि त्यापुढे "अत्यंत मुसळधार". हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात, त्यामुळे रविवारी छापलेला पाऊस बराचसा शनिवारचा असतो.

हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग पूर्ण जिल्ह्याला लागतो, आणि घोळ होतो तो इथेच. रायगड जिल्हा उरणपासून पोलादपूरपर्यंत पसरलेला आहे. पोलादपूरच्या घाटात गडगडाट अपेक्षित असला तरी मुरूडच्या रकान्यात पिवळा रंगच दिसतो. म्हणून रंग बघून न थांबता खाली लिहिलेलं कारण वाचा. "मेघगर्जना" लिहिलं असेल तर दुपारनंतरचा भाग सांभाळायचा. "सोसाट्याचा वारा" लिहिलं असेल तर बेत त्याच वेळी बदलायचा.

मच्छीमारांच्या इशाऱ्यात समुद्राचे भाग वेगळे लिहिलेले असतात. "पूर्व-मध्य अरबी समुद्र" हा लांबचा खोल समुद्र. तिथला इशारा ट्रॉलरसाठी महत्त्वाचा. आपल्याला लागू पडतो तो "उत्तर महाराष्ट्र किनारा" किंवा "दक्षिण महाराष्ट्र–गोवा किनारा". तिथे "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत" (झोत म्हणजे मधेच येणारा जोराचा वारा) असं लिहिलेलं असेल तर मोबाइलमध्ये कितीही ऊन दिसो, त्या दिवशी बेट नाही.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका त्याच बंदराला आहे. एक आणि दोन नंबरचे बावटे लांबच्या समुद्रातल्या वादळी हवेबद्दल असतात. पण ते लागले तरी लांबून येणाऱ्या लाटा किनाऱ्यापर्यंत पोचतात, हे विसरू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळ ओमानच्या दिशेने दूर निघून जात होतं, तरी कोकण किनाऱ्यावर लाटांचं पाणी चढलं.

वारा

वाऱ्याचे आकडे तीन मापांत मिळतात. नॉटला १.८५ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात, मीटर प्रतिसेकंदला ३.६ ने. २० हा आकडा किलोमीटरमध्ये असेल तर सोपा दिवस, नॉटमध्ये असेल तर कठीण. अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन माप एकदा पक्कं करून ठेवा.

प्रवासी होडीसाठी ढोबळ मापं अशी धरता येतात. ताशी १८ किलोमीटरपर्यंत मजेत जाता येतं. १८ ते २८ ला पाण्यावर पांढरी फेसाची टोकं दिसू लागतात, तुषार अंगावर येतात, कॅमेरा पिशवीत ठेवावा लागतो. २८ ते ३७ ला लहान मुलं, वयस्कर माणसं आणि गुडघे दुखणारे यांना नेऊ नये. त्यापुढे होड्या बहुधा बंदच असतात. दोन आकडे दिलेले असतील, एक सरासरी वेगाचा आणि एक झोताचा, तर निर्णय झोताच्या आकड्यावर घ्या. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: २० चा ३० झाला की जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवसाची वेळ. ऑक्टोबर ते मे या काळात कोकणात पहाटे जमिनीकडून हलका मतलई वारा असतो आणि समुद्र शांत असतो. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तीन-चारला त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सूर्यास्ताकडे तो उतरतो. मार्च ते मे हा फरक फार जाणवतो. हा किनाऱ्यापुरता वारा मोठ्या चौकोनांच्या मॉडेलला नीट पकडता येत नाही, त्यामुळे दुपारचा आकडा अॅपमध्ये दिसतो त्यापेक्षा थोडा चढाच धरावा.

यातून एक नियम निघतो. सकाळी निघताना जी हवा आहे तिच्यावर ठरवायचं नाही. परतीच्या वेळी काय असेल ते बघायचं. जाताना आरशासारखं पाणी बघून दुपारी एक वाजता परतायचं ठरवलं आणि जेवणात तीन वाजले, तर तीच होडी तोच मार्ग वेगळ्या समुद्रातून कापते. सकाळची पहिली-दुसरी फेरी घ्या आणि दुपारी बाराच्या आत परत या. बऱ्याचशा काळज्या तिथेच मिटतात.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक प्रकार होतो. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणारी पावसाळी हवा) येऊन गेला की मागोमाग उत्तरेचा वारा जोर धरतो. आकाश निरभ्र, हवा गार, पाऊस शून्य, आणि समुद्र मात्र एक-दोन दिवस खवळलेला. फक्त पावसाचं चित्र बघणारा माणूस नेमका अशा दिवशी फसतो.

लाटा: उंची अर्धीच गोष्ट सांगते

लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेकडून मिळतो. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था समुद्राची स्थिती, उंच लाटांचे इशारे आणि भरतीची माहिती किनाऱ्यानुसार देते.

अंदाजातली "लाटेची उंची" ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे १ मीटर लिहिलेलं असताना साधारण दर सातवी लाट त्याहून उंच असते, आणि काही तासांत एखादी पावणेदोन-दोन मीटरची येऊन जाणं ही नेहमीची बाब आहे. अचानक मोठी लाट आली असं लोक म्हणतात, ती बहुतेक वेळा अंदाजात धरलेलीच असते.

उंचीशेजारी सेकंदांचा आकडा असतो: एक लाट गेल्यावर दुसरी किती वेळाने येते तो. बहुतेक लोक हा आकडा सोडून देतात, आणि जेटीवर सगळा फरक त्याचाच पडतो. ४ ते ६ सेकंदांच्या लाटा जवळच्याच वाऱ्याने उठलेल्या असतात. त्या होडी आपटवतात, भिजवतात, पण वारा पडला की काही तासांत बसतात. १२ ते १६ सेकंदांच्या लाटा हजारो किलोमीटरवरच्या वादळातून आलेल्या असतात, कधी कधी दक्षिण हिंदी महासागरातूनही, काही दिवस प्रवास करून. त्यांना वाऱ्याची गरज नसते. इथे पान हलत नसतानाही त्या येतात.

६ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे ५६ मीटर असते, १२ सेकंदांच्या लाटेची सुमारे २२५. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवू लागतो: पहिलीला २८ मीटरवर, दुसरीला ११० च्या आसपास. लांब लाट किनाऱ्याच्या कितीतरी आधीपासून तळाला घासत मंद होते, तिचं पाणी एकमेकांवर चढतं आणि उथळ जागी ती उंच होते. मधल्या समुद्रात होडीला ती जेमतेम कळते. पण किल्ल्याच्या पायरीशी होडी एका क्षणी पायरीच्या वर असते आणि सहा-सात सेकंदांनी गुडघाभर खाली. पडणं, पाय चेमटणं, हात होडी आणि दगडाच्या मध्ये सापडणं हे सगळं इथेच घडतं, प्रवासात नव्हे. म्हणून १ मीटर आणि ५ सेकंद यापेक्षा १ मीटर आणि १४ सेकंद हा जास्त सावध राहण्याचा दिवस.

दिशाही बघा. जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा किनाऱ्यावरच्या राजपुरी गावाच्या बाजूला, पूर्वेकडे आहे आणि सिंधुदुर्गाचा मालवणच्या बाजूला. पश्चिमेच्या लाटा आधी तटाला धडकतात, दरवाजा आडोशाला राहतो. तरी लांब लाटा बेटाला वळसा घालून मागे पोचतात, त्यामुळे आडोसा पूर्ण धरू नये. अॅपमधली उंची मोकळ्या समुद्राची असते. आडोशाच्या मार्गावर ती बरीच कमी भरते आणि किल्ल्याच्या टोकाला वळताना एकदम जाणवते.

उतरताना तांडेल (होडीचा प्रमुख) किंवा खलाशी "आता" म्हणेपर्यंत उठू नका. होडी वर आल्यावर पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. दोन्ही हात मोकळे, सामान आधी दुसऱ्याच्या हातात, चपला पट्ट्याच्या. लाइफ जॅकेट पायरीवर पाय पडेपर्यंत बांधलेलंच असू द्या, कारण ते लागलंच तर तिथेच लागेल.

भरती-ओहोटी तिथीवरून

भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. किनाऱ्यावरचा जुना हिशोब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून भरती सहाच्या सुमारास, पहाटे आणि संध्याकाळी. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. हिशोब ढोबळ आहे, अलिबाग-मुंबईकडे भरती त्याहून अर्धा-पाऊण तास उशिरा येते. पूर्ण ओहोटी भरतीनंतर सव्वासहा तासांनी. नेमकी वेळ त्या बंदराच्या तक्त्यातूनच घ्या.

पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असतं: पाणी खूप चढतं, खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग: चढ कमी, उतार कमी. मुंबई-अलिबागला उधाणाला पाण्याच्या पातळीत ४ मीटरपेक्षा जास्त फरक पडतो, मालवणकडे त्याच्या जवळपास निम्मा.

कुलाबा किल्ल्याला चालत जाणाऱ्यांचा घोळ भांगाच्या दिवशी होतो. तक्त्यात "ओहोटी दुपारी १२.३०" असं दिसतं, माणसं जातात आणि मध्ये पाणी असतंच, कारण भांगाची ओहोटी पुरती सुकतच नाही. वेळेशेजारी मीटरचा आकडा असतो, तो बघा. उधाणाच्या ओहोटीला तो अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, भांगाला दीड-दोन मीटर. चालत जायला द्वितीया ते चतुर्थी चांगली, कारण तेव्हा उतार मोठा असतो आणि ओहोटी सकाळी येते.

परतीची वेळ चुकू नये म्हणून बाराव्या हिश्शाचा हिशोब लक्षात ठेवा. सहा तासांत पाणी सारखं चढत नाही: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. चढ ४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात सुमारे ३३ सेंटिमीटर, आणि तिसऱ्या तासात पूर्ण १ मीटर. पहिल्या तासात पाणी हळू चढतंय म्हणून अजून वेळ आहे असं वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासात वाट जाते. ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि पाणी पूर्ण उतरलं की परतीला लागा.

खाडीच्या मुखाशी आणखी एक गोष्ट जुळून येते. राजपुरीच्या खाडीतून ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि दुपारचा वारा समुद्राकडून आत येत असतो. पाणी एका दिशेला, वारा उलट दिशेला, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तोच वारा भरतीच्या वेळी बराच सुसह्य लागतो. दुपारी परतायचंच असेल तर तेव्हा भरती आहे का, हे आधी बघून ठेवा.

कोणते महिने, आणि कधी काय बघायचं

साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्यांची प्रवासी वाहतूक बंद असते. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. या काळात मोकळ्या समुद्रात लाटा ३ मीटर आणि त्याहून वर जातात. ऊन पडलं म्हणून कुणी खासगी होडी काढून नेतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. मेचा दुसरा पंधरवडाही नाजूक. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ च्या मध्यावर किनाऱ्याला समांतर गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ धडकलं. चक्रीवादळाचा दुसरा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाचे ढग दुपारी सह्याद्रीवर उठतात आणि संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात. सकाळची फेरी तेव्हाही बहुधा निर्धोक असते. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" अॅप मोबाइलमध्ये असू द्या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर होडीत बसू नका.

सात दिवस आधी कमी दाबाच्या क्षेत्राची बातमी बघा आणि तिथीवरून भरतीची वेळ काढा. तीन दिवस आधी वारा, लाटांची उंची आणि सेकंद. आदल्या संध्याकाळी मच्छीमारांचा इशारा वाचा आणि जिथे मुक्काम आहे त्या घराच्या मालकांना विचारा की आज होड्या चालल्या का, दुपारी कशा होत्या. सकाळी हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि जेटीवरची परिस्थिती. मासेमारीच्या होड्या बाहेर न जाता ओळीने नांगरलेल्या दिसल्या तर कारण विचारा. सण असेल, बाजार बंद असेल, किंवा समुद्र.

बेटाचा दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवा. पहिल्या दिवशी होडी बंद असली तर दुसरा हाताशी राहतो. शेवटचा दिवस ठेवला तर माणसं "एवढ्या लांबून आलोय" म्हणत जाऊ नये तेव्हा जातात.

किल्ल्यात असताना वारा वाढला, तर होडीवाले हाका मारतात. राहिलेला बुरूज सोडून लगेच दरवाजाशी या. हाक आली नाही, पण समुद्रावर आधी नसलेली पांढरी टोकं सगळीकडे दिसू लागली किंवा पश्चिमेला काळी रेघ चढताना दिसली, तर स्वतःहून खाली उतरून तांडेलांना विचारा. ते "थांबा" म्हणाले तर थांबायचं, घाई करायची नाही: वादळी झोत बहुधा अर्ध्या-पाऊण तासात निघून जातो आणि तटाच्या आत माणूस होडीपेक्षा सुरक्षित असतो. एवढ्यासाठी प्रत्येकाकडे लिटरभर पाणी, थोडं खाणं, लागणारी औषधं आणि चार्ज केलेला मोबाइल असावा.